डाव्या बाजूची लुकलुक

या निरोपाच्या कार्यक्रमाचे अध्यक्ष आणि आपल्या रुग्णालयाच्या विश्वस्त मंडळाचे प्रमुख सन्माननीय रूबेन हेइक्किला साहेब, व्यासपीठावरचे डॉक्टर प्रुइट, ज्यांच्यासाठी आपण चर्चच्या या तळघरात कोट मांडीवर घेऊन दाटीवाटीनं बसलो आहोत त्या सत्कारमूर्ती इर्या सल्मेला, त्यांचे कुटुंबीय आणि टॅमरॅक बे गावच्या माझ्या बंधुभगिनींनो,

मी मार्लिस कंगस. वाचनालयात असते, त्यामुळे बहुतेकांना माझं 'जरा हळू बोला' एवढंच वाक्य माहीत आहे. आज दोन-चार जास्त बोलेन.

इर्याबाईंनी एकतीस वर्षं सोनोग्राफीची खोली सांभाळली. इथं किती जण असे आहात, ज्यांचं आयुष्यातलं पहिलं चित्र याच बाईंनी काढलं, जन्माच्याही आधी? हात वर करा बघू. पाहिलंत, साहेब? निम्मं सभागृह! मला त्यांनी दाखवलेलं चित्र मात्र निराळं होतं. ते आज सांगू का, असं मी त्यांना विचारलं. म्हणाल्या, "सांग. पण लांबण लावू नकोस, वेलदोड्याचा पाव गार होईल."

नऊ वर्षांची असताना माझं अपेंडिक्स फुटलं. तीन दिवस वडील म्हणत राहिले, "वायू धरलाय, उतरेल." आत पू पसरला. पोट उघडून धुतलं, मी वाचले. एकोणिसाव्या वर्षी आतड्याला पीळ पडला, पुन्हा उघडलं. जखमा बाहेरून छान भरल्या. आतून भरताना मात्र त्यांनी हाताशी येईल ते धरून ठेवलं. आतडं पोटाच्या भिंतीला चिकटलं, गर्भाशय आतड्याला, आणि एक बीजकोश तर कुठं दडला ते कुणाला दिसेना. हे सगळं मला फार नंतर कळलं. तेव्हा जाणवायचं ते एवढंच, की वरच्या फळीवरचं पुस्तक काढायला हात उंच केला की उजवीकडून, आतून, कुणीतरी खाली ओढतंय. लहान मूल आईच्या झग्याचं टोक धरून ओढतं ना, तसं. हात खाली घेतला की सुटायचं.

एका मोठ्या शहरातल्या डॉक्टरांनी कागद चाळले आणि म्हणाले, "बाई, सगळं स्वच्छ आहे. मन कशात तरी रमवा." माझा नवरा रूडी रस्त्यावरचा बर्फ हटवायची गाडी चालवतो, तुम्ही ओळखताच. बाहेर आल्यावर म्हणाला, "एक गाडीभर बर्फ याच्या दारात ओतून येऊ का?"

लग्नाला सात वर्षं झाली, मूल नव्हतं. इथंच, याच टेबलांवर, कॉफी ओतताना विचारणा व्हायची, "काय मार्लिस, जन्मभर पुस्तकंच अंगाखांद्यावर खेळवणार का?" तिसऱ्या रांगेनं खाली बघायचं कारण नाही. मी रागावलेली नाही. रागावले होते, एवढंच.

अशात मी इर्याबाईंच्या खोलीत गेले. त्यांनी पोटावर यंत्राचा प्रोब टेकवला, दाबला, सोडला, पुन्हा दाबला.

"श्वास घे. सोड. पोरी, पोटातले अवयव एकमेकांवरून घसरायला हवेत. तुझं सगळं एकदम हलतंय."

"म्हणजे?"

"निदान करायचा मला अधिकार नाही, ते डॉक्टर सांगतील. पण यात तुझ्या मनाचा काही संबंध नाही, एवढं मी सांगते."

मी तिथंच हमसून रडले. आजार आहे हे कळल्यावर आनंदानं रडणारी बाई तुम्ही कुणी पाहिली आहे का?

तपासण्या झाल्या. गर्भाशयाची उजवी नळी बंद, डावी वाकडी पण मोकळी. डॉक्टर प्रुइट म्हणाले, "चिकटलेलं सोडवता येईल. पण प्रत्येक शस्त्रक्रियेनंतर नव्यानं चिकटायची भीती असते." आम्ही थांबलो. आणि तेहेतिसाव्या वर्षी, ऑक्टोबरात, मला दिवस गेले.

रूडी कामाच्या बुटांवरच खोलीत आला होता, टोपी काढून छातीशी धरून. पडद्यावर गर्भाशय दिसलं. रिकामं. इर्याबाईंनी पडदा हळूच स्वतःकडे वळवला, पण तोवर मी बघितलं होतं. डावीकडे, जिथं काहीच नसायला हवं तिथं, तांदळाच्या दाण्याएवढं काहीतरी लुकलुकत होतं.

"जिवंत आहे?"

"आहे."

"मग?"

"जागा चुकली आहे, पोरी. नळीतच अडकलंय."

दोन तासांत मला शस्त्रक्रियेसाठी आत नेलं. नळी काढली. मी वाचले. पुन्हा मीच वाचले.

त्यानंतर ती ओढ डावीकडून येऊ लागली. नव्यानं चिकटलं असणार, एवढं मलाही समजत होतं. पण तिच्या वेळाही बदलल्या. वाचनालयात मुलांच्या गोष्टींचा तास सुरू झाला की ओढायचं. गोष्ट संपेपर्यंत धरून ठेवायचं. मुलं उठून पांगली की सोडायचं. याला मी काय म्हणू? तुम्ही काय म्हणाल?

जानेवारीत पुन्हा इर्याबाईंच्या तपासणीच्या टेबलावर झोपले. प्रोब डावीकडे आला आणि इर्याबाईंचा हात थांबला. लुकलुक. त्यांनी चित्र थांबवलं, तर नुसता करडा ठिपका. पुन्हा चालू केलं, तर लुकलुक. डॉक्टरांना बोलावलं. ते वाकून म्हणाले, "मागची रक्तवाहिनी. ती सगळ्यांचीच उडते," आणि गेले. दार बंद झाल्यावर इर्याबाईंनी माझं मनगट धरलं, नजर पडद्यावर ठेवली आणि ओठ हलवत काहीतरी मोजलं. मग यंत्र बंद केलं. माझं पोट पुसलं. "कपडे कर. बाहेर घसरडं आहे, जपून जा."

शरीराबाहेर गर्भ तयार करून मग आत ठेवायचा मार्ग उरला होता. दोन शहरं पालथी घातली. आता दोन्ही बीजकोश आतड्याच्या इतके मागे, की बीज काढायची सुई न्यायला कुणी धजेना. आधी पोट उघडा म्हणाले. परतताना पेट्रोल पंपावर रूडी म्हणाला, "मला मूल हवं होतं, खोटं कशाला बोलू? पण शस्त्रक्रियेच्या टेबलावर तुला चौथ्यांदा, पाचव्यांदा पाठवायचं नाही मला." आम्ही तो विषय मिटवला. ओढ मिटली नाही. वर्षातून दोनदा मी इर्याबाईंकडे जात राहिले. त्या जानेवारीबद्दल त्याही बोलल्या नाहीत, मीही नाही.

गेल्या शुक्रवारी दुपारी, त्यांच्या नोकरीच्या शेवटच्या दिवशी, शेवटची रुग्ण मीच होते.

"सगळं तसंच आहे," त्या म्हणाल्या.

"इर्याबाई, तेव्हा काय मोजत होतात?"

"तुझी नाडी."

"आणि?"

"आणि ते."

"जुळलं?"

त्यांनी प्रोब पुसून जागेवर ठेवला. "नाही. तुझी ब्याऐंशी होती. ते दीडशेच्या पुढं होतं, पोटातल्या बाळाचं असतं तसं."

"मग डॉक्टरांना सांगितलं का नाही?"

"मोजताना चुकले असेन म्हणून. आणि चुकले नसेन म्हणूनही."

"परत दिसलं कधी?"

"अकरा वर्षांत एकदाही नाही. पण मार्लिस, तू इथं झोपलीस ना, की मी गर्भाशय नंतर बघते. आधी तिथं जाते."

मंडळी, इतकी वर्षं मला वाटत होतं, त्या जागेकडे लक्ष ठेवून असलेली मी एकटीच आहे.

अध्यक्षसाहेब, आनंदाच्या कार्यक्रमात असलं काही बोलू दिलंत, मी ऋणी आहे. डॉक्टर प्रुइट, तुमच्या रक्तवाहिनीवर माझा अविश्वास नाही. ज्यांची कॉफी थंड झाली त्यांनी, आणि ज्यांना हे ऐकायचं नव्हतं त्यांनीही, माझं बोलणं मोठ्या मनानं सांभाळून घ्यावं. एखादं नाव राहिलं असेल, एखादा शब्द जास्त गेला असेल, तर तो माझा दोष.

आणि इर्याबाई, सोमवारपासून त्या खोलीत नवी मुलगी बसणार आहे. हुशार आहे म्हणतात. ती नियमाप्रमाणे गर्भाशयापासून सुरुवात करेल. तिला मी काय सांगू, एवढं जायच्या आधी मला सांगून जा.

सर्वांचे आभार.