दारातली बादली

माझं माहेर टेंभुर्णीचं. वडील शेती करायचे, पण घरात पुस्तकांची एक पेटी होती, तिच्यावर बसूनच मी वाचायला शिकले, पुढं बदनापूरला शाळेत ग्रंथपाल झाले. वाचनालयात हळू बोलावं लागतं, तसं मी घरातही हळूच बोलत आले. तीच सवय नडली बघा.

हे सरकारी कचेरीत कारकून. यांचं हृदय पार थकलं, मंग पुण्याला छातीत पंप बसवला. पोटातून एक वायर बाहेर, ती कमरेच्या बॅटऱ्यांना जोडलेली. पंपानं रक्त सारखं एकधार वाहतं, म्हणून मनगटाला नाडी लागायची न्हाई. लोक बघून घाबरायचे, हे म्हणायचे, आमच्या कचेरीत निम्मे असेच आहेत.

पण दवाखान्यातून निघताना डॉक्टरीणबाईंनी मला बाजूला घेतलं होतं. म्हणाल्या, पंप बसला की जंतूंशी लढणाऱ्या रक्तातल्या पेशी बदलतात, सारख्या चिथावल्यासारख्या राहतात, दमतात, मरतात, आणि खरे जंतू आले की कमी पडतात. वायर निघते ती जागा म्हणजे उघडं दार समजा. हात धुतल्याशिवाय कुणी जवळ यायचं नाही.

मी दारात बादली, तांब्या आणि साबण ठेवला. पहिले पंधरा दिवस बराबर चाललं. मंग वाटूरहून थोरल्या जाऊबाई आल्या. बादली बघून उंबऱ्यातच थांबल्या. अगं सुमन, म्हणाल्या, मसनातून आल्यावर हात धुतेत लोक, जित्या माणसाच्या दारात बादली ठेवून तू कुणाची वाट बघून राह्यलीस?

काय सांगू तुम्हाला, त्या ‘कुणाची वाट’मध्ये मला मरणच ऐकू आलं. मी, आयुष्यभर पुस्तकं वाचलेली बाई, मुकाट्यानं बादली उचलून न्हाणीत नेऊन ठेवली. कुणी ओढून नेली न्हाई. मीच नेली.

जाऊबाईंना सर्दी झालेली. बोटांनी नाक पुसलं आणि त्याच हातानं यांची पट्टी उचलली, बघू भाऊजी वायर कुठून निघती ते. हे म्हणाले, राहू द्या वहिनी. तोवर पट्टी वर झालेली, त्यांनी देवाचा अंगारा आणलेला, तोही तिथंच लावला. मी बघत उभी. त्यांच्या बोटाला शेंबूड होता, तो मला अजून दिसतो. जेवताना दिसतो.

आठवड्यात तिथं पू झाला. पिवळा, घाण वासाचा. चादर बदलली, खिडक्या उघडल्या, तरी वास जाईना. यांनाही तो वास यायचा आणि हे माझ्याकडं बघायचे न्हाईत. परत पुण्याला नेलं, महिनाभर सलाईनमधून औषधं दिली, पण रक्तात पसरलेलं उतरलं न्हाई. हे गेले.

आणि माणसं मसनातून परत आली तेव्हा दारात बादली. जाऊबाईंनी न्हाणीतून आणलेली, तीच, साबणासकट. स्वतः एकेकाच्या हातावर पाणी घालत होत्या, आणि म्हणत होत्या, नीट धुवा, असंच आत जाऊ नका. त्यांची किळस आली आणि माझी त्याहून जास्त.

त्या अजून येतात, जीव आहे त्यांचा माझ्यावर. मी काही बोलले न्हाई, आता बोलून काय. बादली मात्र मी दारातून हलवली न्हाई, रोज सकाळी भरते, रोज संध्याकाळी झाडांना घालते. मघाशी तुम्ही न सांगता हात धुऊन आत आलात, ते मी बघितलं. सुखी राहा.