अर्धी भाकरी

बायको गेल्यापासून विष्णुपंत शुगर तपासायला केडगावच्या दवाखान्यात एकटेच येत. आज बाकावर शेजारी काष्टीचे कानिफनाथ आणि मुक्ताबाई हे नवरा-बायको बसले होते. कानिफनाथ विष्णुपंतांना आपलं पथ्य सांगू लागले.

"दोन महिनं झालं, सकाळी नुसतं भाजीचं पानी, सांजच्याला अर्धी भाकरी. तरी शुगर खाली येईना!"

"मीबी तेच खाते की."

"तुला कुठं शुगर हाय?"

"तुमी अर्ध्या भाकरीवर, अन् मी तुमच्यासमोर दोन हानू? बरं दिसतं व्हय?"

"बरं झालं की मग. सात किलो उतरलीस."

"अन् तुमी?"

"दीड किलो वाढलो. बाजारात पावनं भेटत्यात. त्यांनी भज्याची ताटली पुढं केली, तर न्हाई म्हनायचं का?"

"न्हाई, तसं कसं."

"डोळं का मिटतीस?"

"लई गरगरतंय."

"बघा सर, डॉक्टरचं पथ्य किती कडक हाय!"

तेवढ्यात नर्सनं विष्णुपंतांचं नाव पुकारलं. ते उठले नाहीत.

"माझ्या नंबरावर या ताईंना आत घ्या."

"तिला कशाला? पेशंट मी हाय!"

"तुम्ही थांबा. तुमचं पोट भरलेलं आहे."