महेशची टूरिंग बाईक

आमच्या डिलाईल रोडच्या महेशने टूरिंग बाईक घेतली, तेव्हा गावाला जाताना मी माझ्या गाडीवर त्याच्या मागेच होतो रे. "इंजिन नवीन आहे, ॲक्सिलरेटर पिळायचा नाही," असा त्याचा हट्ट. घाटाच्या चढावर वरच्याच गियरमध्ये तो टँकरला ओव्हरटेक करायला गेला. गाडी नुसती धडधडत राहिली, पुढे सरकेना.

मी ओरडलो, "गियर उतरव, पीळ!"

समोरून ट्रक आला.

महेशचा उजवा पाय गुडघ्यापासून कापावा लागला. गाडी मात्र दुरुस्त झाली. आता रविवारी मी ती चाळीखाली चालू करतो. तो गॅलरीत कुबड्यांवर उभा राहून ओरडतो, "आणखी पीळ!"

परवा त्याची बायको खाली आली. म्हणाली, "भावोजी, विकून टाका ही. तुम्ही गेलात की ते दिवसभर बोलत नाहीत."