सगळ्यात लाडकं ते

...आणि नवस तरी कसला बोलले मी, तुम्हाला सांगते, ह्यांना ऑपरेशनला आत नेलं, दारावर लाल दिवा लागला आणि तोंडातून निघूनच गेलं, देवा, ह्यांना धड बाहेर आण, माझं सगळ्यात लाडकं असेल ते तुला अर्पण करीन. आले धड बाहेर. आता लाडकं काय द्यायचं?

चहातली साखर सोडली. देवापुढे हात जोडले, आणि आतल्या खोलीत खुर्ची करकरली. सासूबाईंची. त्या जाऊन तीन वर्षं झाली. काही पटलं नाही की त्या बोलायच्या नाहीत, नुसत्या खुर्चीत सरकायच्या. हे म्हणाले, अगं लाकूड आहे, हवा बदलली की वाजतं. खिडक्या बंद होत्या हो...

मग दुपारची झोप सोडली, तर संध्याकाळी पोथी ऐकताना मीच घोरले. निळी रेशमी साडी शेजारणीला दिली, ती तिला माझ्यापेक्षा शोभली, तेही सोसलं. खुर्ची करकरलीच.

पोथी सांगणाऱ्या बाई आधी पोस्टात होत्या, अजून शिक्का मारल्यासारख्या बोलतात. नवसाचं विचारलं, तर म्हणाल्या, "अर्पण निर्दोष हवं असं पोथीत आहे, ते ताटाबद्दल नाही. अर्पण ज्यात टाकायचं तो अग्नी म्हणजे तुमची जाणीव. घट्ट धरलंय तेच त्यात टाकायचं. ताट आणलंत, मूठ उघडलीत का?"

मी मुठीकडे पाहिलं. छत्री होती. पण घरी येईस्तोवर मूठ कशावर आवळलीय ते कळलं होतं. लग्नाच्या पहिल्या महिन्यात सासूबाई म्हणाल्या होत्या, हिच्या हाताला चव नाही. एवढंच. ते वाक्य पंचवीस वर्षं मी घासूनपुसून लख्ख ठेवलं. शेवटच्या आजारात त्यांनी वाटीभर सूप मागितलं, तर मी काय म्हणावं? "माझ्या हाताला कुठं चव आहे, तुमच्या लेकीला सांगा." लेक दोन दिवसांनी पोचली. तोवर...

त्या दिवशी सूप केलं. देवापुढचं आधी चाखायचं नाही, त्या सवयीनं मी रांधताना जन्मात काहीच चाखलं नव्हतं, आणि जेवायला बसले की पानात लोणचं असायचंच. म्हटलं, हे देवाचं नाही, त्यांचं आहे, आणि एक चमचा तोंडात घातला.

अळणी. ठार अळणी. आणि आमचे हे पंचवीस वर्षं मुकाट्यानं वरून मीठ घेतायत, मला वाटायचं, माणसाची खोड असते एकेक.

मीठ घालून वाटी खुर्चीपाशी ठेवली. म्हटलं, "सासूबाई, तुमचं खरं होतं. तुमचं वाक्य तुम्हाला परत. माझं मात्र कुठं ठेवू?"

खुर्ची करकरली नाही. सूप निवलं, वर पापुद्रा धरला, तरी नाही. नवस फिटला म्हणायचा. आता घर इतकं गप्प असतं की मीच अधूनमधून त्या खुर्चीत सरकून बघते.

तेव्हा एक ऐका माझं. तुमच्या घरी जिची खुर्ची अजून भरलेली असेल, तिला आज वाटीभर काहीतरी द्या. आणि आधी चाखा हो.