लादीवरचं रक्त

परवा तर मी हादरलोच रे! काल्हेरच्या गोदामात माळ्यावरून पडून मणका गेला, तेव्हापासून कंबरेखाली मला काही जाणवत नाही, हे तुम्हाला ठाऊकच आहे. सकाळी स्वयंपाकघरातून चहा घेऊन हॉलमध्ये आलो, व्हीलचेअर मागे वळवली, तर हॉलभर लादीवर रक्त. आमची पोर तिथेच खेळत होती.

"सविता, पोरीला लागलंय, बघ आधी!" मी ओरडलो.

बायको धावत आली, पोरीचे हातपाय चाचपले. काहीच नाही. मग माझ्याकडे बघून ती थिजलीच.

"अहो, तुमचा अंगठा!"

पाय फूटरेस्टवरून घसरून स्वयंपाकघराच्या फुटक्या उंबऱ्यावर चिरला होता. दवाखान्यात चार टाके पडले. मी नुसता बघत होतो. प्रत्येक टाक्याला "आई गं" म्हणत होती ती सविता.