पिल्लांचं टॉनिक

अतिदक्षता विभागाबाहेरच्या बाकावर माझ्या शेजारी दीर-भावजय बसले होते. दिराच्या हातात रिपोर्ट होता.

"काय लिहिलंय, भावजी?"

"दादाच्या जखमेतले जंतू कुठल्या औषधांना दाद देत नाहीत, त्यांची नावं आहेत."

"असली अवघड नावं तुम्ही घडाघडा कशी वाचलीत?"

"आपल्या पोल्ट्रीत येतात ना तीच, वहिनी. पिल्लांच्या पाण्यात घालतो ती."

"ते तर टॉनिक होतं!"

"आपण टॉनिक म्हणायचो."

"आजारी पिल्लांनाच देत होता ना?"

"सगळ्यांनाच. आजारी पडू नयेत म्हणून, रोज."

"आणि ते पाणी हाताने ढवळायचे हे."

"वहिनी, मला काय माहीत होतं?"

"पिल्लं कशी आहेत?"

"ठणठणीत आहेत."

"चला, कुणाला तरी औषध लागू पडलं."