काटा नव्हता, दात होते

माझं नाव बेबी, पन ते कागदावर. दिवाळ्यात, म्हंजे ह्या आमच्या कोळीवाड्यात, मना सगळे वहिनीच बोलतात. जन्म इथलाच, लगीन बी इथंच झालं, चार घरं टाकून पलीकडं, सासरी जाताना रडू बी नाय आलं मना, रडायचं कुनासाठी, आई तर पडवीतनं दिसत व्हती. लग्नानंतर मासळी इकायला बसली ती आजपर्यंत बसलीच हाय. हात बघा माझे. हे कोयत्याचं, हे चिंबोरीनं धरलेलं, हे कोलंबीच्या सोंडेचं, आनि हे कशाचं ते मना बी आठवत नाय. ह्या हातांनीच तर सगळा घोळ झाला, सांगते.

आमच्याकडं चंपी हाय, मांजर. पाळलेली बोलू नका तिला, पाळलेली मांजर म्हंजे ती खारघरच्या टॉवरमधली, गादीवर झोपनारी. ही जाळ्यांच्या ढिगावर झोपते, दिवसभर गावभर फिरते, मनात आलं तर घरी येते. पन काय सांगू तुमाला, ती आली तवापासून आमच्या जाळ्यांना उंदीर लागला नाय. आमचे हे, म्हंजे माझा नवरा, माझ्याशी दिवसात धा शब्द बोलनार नाय, पन चंपीशी गप्पा चालू. जाळं शिवता शिवता तिला सगळं सांगनार, आज वारं कसं व्हतं, किती मासळी घावली, सगळं.

तर त्या दिवशी बाजारातनं दुपारी घरी आली तर चंपी पडवीत, मागचा पाय उचलून धरलेला. मांडीवर दोन बारीक भोकं, सूज आलेली. मी बघितलं आनि बोलली, शिंगाळ्याचा काटा! तिला खोड हाय ना, होडी लागली की शिंगाळ्याची मुंडकी पळवायची. त्या माशाचा काटा लय वाईट, मानूस आडवा पडतो. आमच्याकडं काटा लागला की आधी पिळून रगत काढतात, मग हळद-चुना गरम करून थापतात. ह्यांच्या पायाला किती वेळा केलंय मी. तसंच चंपीला केलं. मांडीत घट्ट दाबून धरली, वरडत व्हती बिचारी, आनि मी ह्याच हातांनी पिळते, पिळते. मोठी शहानी मी!

दोन दिवसांनी मांडी टम्म फुगली, वास यायला लागला, खाईना. मग सून बोलली, आई, आता डॉक्टरकडं न्या. मासळीच्या पाटीत घातली, वरनं जुनं जाळं बांधलं आनि रिक्षानं गेली. डॉक्टरीन तरुन पोरगी. तिनं केस कापले, पाय उलटा करून बघितला आनि बोलली, मावशी, हा काटा नाही, हे दात आहेत. दोन खुना ह्या बाजूला, दोन त्या बाजूला. काटा काय दोन्हीकडनं लागतो का? बरोबर बोलली. मी दुसरी बाजू बघितलीच नव्हती. वरनं चुन्यानं भोकं बुजवली, पू आत राहिला. मग विचारते, काय चावलं? आता मना काय म्हाईत, मी काय तिच्या मागं मागं फिरते? मग विचारते, तुम्ही पिळलंत तेव्हा हाताला काही कापलेलं होतं? मी दोन्ही हात पुढं केले.

चावनारा पिसाळलेला असला तर त्याची लाळ चंपीच्या जखमेत, तिथनं माझ्या हातात. इंजेक्शनं घ्या बोलली, आजच जा. चंपीला बी सुया, आनि तिला वेगळी कोंडून ठेवायची, महिने जातील, लक्ष ठेवायचं.

सरकारी दवाखान्यात गेली तर लिवनारा मानूस विचारतो, कोनता प्रानी चावला? मी बोलली, मना कोन नाय चावला, माझ्या मांजरीला चावला, कोन ते ठाव नाय. त्यानं पेन खाली ठेवलं. बोलतो, मग काय लिहू? अवो, मी काय सांगू काय लिवायचं! मासळीची पाटी सोडून उभी व्हती मी तिथं, माझी मासळी काय माझ्यासाठी थांबते? तीन जनांना तीच गोष्ट सांगितली, तवा कुठं सुई टोचली. अजून दोन राहिल्यात.

घरी आली तर सून बोलते, आई, तिला लांब जेटीवर सोडून या. नात दोन वरसांची हाय आमची, चंपीची शेपटी धरून चालायला शिकली ती. मना राग आला. पन सून चुकीचं बोलली का? नाय. आई हाय ती. म्हनून तर जास्त राग आला, वरडायला बी जागा नाय. ह्यांनी काय केलं, कोंबड्यांचं जुनं खुराडं दुरुस्त केलं आनि चंपीला त्यात ठेवली, वरनं कुलूप, चावी कमरेला. आता तिकडं उंदरांनी नव्या जाळ्याला भोक पाडलंय. हे खुराड्यापुढं बसतात, जाळं शिवतात आनि तिला सांगतात, बघ, तू नाय तर काय चाललंय.

आनि लोकं! शेजारीन येते, काय चावलं? गिऱ्हाईक येतं, काय चावलं? कोन बोलतो मुंगूस, कोन बोलतो बोका, कोन बोलतो कुत्राच असनार. तुमी आलात, माझं बोलनं टिपायला फोन पुढं ठेवलात, पयला सवाल तोच. मना म्हाईत नाय, बाय, त्याचं तोंड मी बघितलं नाय आनि आता कधी कळनार बी नाय. पन चंपी कशी हाय, हे येकानं बी विचारलं नाय.

बरी हाय. सूज उतरली. आज बोंबलाचा तुकडा खाल्ला. माझ्या हातनं नाय खात पन, माझा हात दिसला की खुराड्याच्या कोपऱ्यात सरकते, पिळलं ना मी तिला. ह्यांच्या हातनं खाते. खाऊ दे त्यांच्या हातनं, जगू दे बिचारी.